सायको-पास: तीन भाग बघून झाले, आकड्यांचं गणित जुळत नाही. पुढे कसं बघावं?

ओलीकाच

सायको-पास या जपानी ॲनिमे मालिकेचा पहिला सीझन लावलाय. तीन भाग झाले आणि मत अजून डळमळीत आहे. तिसऱ्या भागापुढचं काही लिहिणार असाल तर आधी ‘स्पॉयलर’ असं लिहा, ही विनंती.

भावलं ते आधी. २११२ सालचं टोकियो चकाचक आहे, पण त्यात श्वास कोंडतो. पहिल्या भागात रात्रीचा पाऊस, ओसाड वस्तीतले अंधारे बोळ. दुसऱ्यात नायिकेचं, म्हणजे नवी पोलिस इन्स्पेक्टर आकाने त्सुनेमोरीचं घर, जिथे भिंती आणि सामानाचं रूप सगळं होलोग्राम आहे, मनाला येईल तशी सजावट बदलते. एकाच शहराची ही दोन रूपं लागोपाठ दाखवून काही न बोलता बरंच सांगितलंय. आणि डॉमिनेटर, पोलिसांची ती बंदूक! घोडा ओढता येईल की नाही हे बंदूकच ठरवते, ही कल्पना फार दमदार आहे.

आता अडतंय कुठे ते. पहिल्या भागात ओकुरा नावाचा माणूस एका बाईला ओलीस धरतो. तो मारला जातो आणि त्यानंतर बंदूक त्या बाईवरच रोखली जाते. जिच्यावर अत्याचार झाला तिचाच गुन्ह्याच्या शक्यतेचा आकडा चढतो, काही मिनिटांत उतरतोही. मग हा आकडा नेमकं मोजतो काय? लेखकाला सोयीचा पडेल तसा तो हलवलाय असं वाटलं.

आकानेही पटली नाही. पहिल्याच दिवशी गोंधळते, सहकाऱ्यावरच गोळी झाडते. नायिका म्हणून तिच्यावर २२ भाग कसे तोलले जाणार?

तिसऱ्या भागातला ड्रोनचा कारखाना तर मुद्दाम रचलेला वाटला. तिथे नेटवर्क नाही म्हणून डॉमिनेटर चालत नाही, आणि खून नेमके तिथेच होतात.

शिवाय या मालिकेचे सीझन, चित्रपट, नव्यानं संकलित केलेली आवृत्ती असा पसारा दिसतोय. कोणत्या क्रमानं बघायचं?

उंबरठा३००

आकडा लेखकाच्या सोयीनं हलत नाही. पहिला भाग पुन्हा लावलात तर प्रत्येक चढ-उताराला तिथेच कारण सापडेल. फक्त ते संवादातून सांगितलेलं नाही, प्रसंगातून उचलावं लागतं.

आधी मोजमाप. इथे दोन गोष्टी आहेत आणि त्यांची सरमिसळ झाली की सगळं विस्कटतं. एक म्हणजे छटा, म्हणजे मन किती स्वच्छ किंवा गढूळ आहे ते दाखवणारा रंग. रस्त्यावरचे स्कॅनर येता-जाता तो तपासतात आणि लोक तब्येत बघावी तसा रोज स्वतःचा रंग बघतात. दुसरा म्हणजे गुन्हा-गुणांक. त्या माणसाच्या हातून गुन्हा घडण्याची शक्यता तो आकड्यात सांगतो. डॉमिनेटर रोखला की तो त्या क्षणी सिबिलशी, म्हणजे सगळ्यांची मनं मोजणाऱ्या मध्यवर्ती यंत्रणेशी, जोडला जातो आणि समोरच्याचा गुणांक तिथल्या तिथे काढतो.

आकडा १०० च्या खाली असला तर घोडा बंद. १०० ते २९९ मध्ये पॅरलायझर, म्हणजे माणूस बधिर होऊन कोसळतो, मरत नाही. ३०० किंवा वर गेला की बंदुकीची पानं उघडतात, तिचा आकारच बदलतो आणि ती एलिमिनेटर होते. मग काय होतं ते तुम्ही ओकुराच्या बाबतीत पाहिलंच. चौथं रूप डीकंपोझर. ते यंत्रं आणि वस्तू उडवण्यासाठी आहे, तिसऱ्या भागात ड्रोनवर वापरलं जातं.

आता ती बाई. ओकुरावर पथकातल्या कागारीनं आधी पॅरलायझर झाडला होता, पण ओकुरानं उत्तेजक घेतलेलं असल्यामुळे तो पडलाच नाही. तिला ओढत पुढे पळाला. त्याचा आकडा ३०० पार गेल्यावर पथकातल्याच कोगामीनं त्याला उडवलं आणि ते सगळं तिच्या अंगावर उडालं. आधी मारहाण, अत्याचार, आणि मग हे. भीती, किळस, संताप सगळं एकदम. यंत्रणा त्यामागचं कारण विचारत नाही, मनाची अवस्था तेवढी मोजते. म्हणून पथकातला मासाओका तिच्यावर डॉमिनेटर रोखतो तेव्हा तो पॅरलायझरवर आहे. लक्षात घ्या, त्या क्षणी मासाओका तिला वाचवतोय. बधिर झाली असती, उपचारकेंद्रात जागी झाली असती. आकाने मध्ये पडते, बाई जिवाच्या आकांतानं पळते, आणि आपल्यालाही मारणार या भीतीनं तिचा गुणांक आणखी चढतो. कोगामी तिच्यापर्यंत पोचतो तोवर ३०० ओलांडलेले आहेत.

इथे आकाने कोगामीवर गोळी झाडते. हा प्रसंग सगळ्यांत बारकाईनं बघा. डॉमिनेटर कोगामीवर चालतोच कसा? कारण कोगामी एन्फोर्सर आहे, म्हणजे इन्स्पेक्टरच्या हाताखाली काम करणारा, पण स्वतःच सुप्त गुन्हेगार आहे. त्याचा आकडा कायम १०० च्या वर. समोर दुसरा इन्स्पेक्टर असता तर घोडा हललाच नसता. एन्फोर्सरच्या सोबत इन्स्पेक्टर का ठेवतात, हे या एका गोळीत कळतं.

मग आकाने बाईशी बोलते. खाली पेट्रोल सांडलेलं, बाईच्या हातात लायटर. ती हळूहळू निवळते, आकडा ३०० खाली येतो आणि पथकाचा दुसरा इन्स्पेक्टर गिनोझा मागून पॅरलायझर चालवतो. चढण्याला कारण होतं तसं उतरण्यालाही आहे.

पुढच्या भागांसाठी एकच सवय लावून घ्या. डॉमिनेटर कुणावरही रोखला गेला की आधी तो काय म्हणतो ते ऐका, चेहऱ्यांकडे नंतर बघा. एरवी प्रेक्षक उलटं करतात आणि मग गोंधळतात.

शांतभोंगा

मोजमापाबद्दल वरचं सगळं बरोबर आहे, एक गोष्ट सोडून. ‘आकाने मध्ये पडली म्हणून बाईचा आकडा चढला’ हे खरं, पण तेवढ्यावर थांबलं तर आकानेवर अन्याय होतो. त्या संपूर्ण पथकात बाईशी बोलून बघावं असं कुणाच्याच डोक्यात येत नाही. मासाओका तर सिबिल येण्याआधीपासूनचा जुना पोलीस, त्यालाही नाही सुचत. कारण हातातली वस्तू फक्त आकडा सांगते. आकाने पहिल्याच दिवशी दाखवून देते की आकडा माणसाच्या बोलण्यानं खाली आणता येतो. पहिल्या भागातलं तिचं कच खाणं म्हणून तुम्ही जी गोष्ट मोजताय ती तिथे एकटीनं केलेली पोलिसगिरी आहे. दुसऱ्या भागाच्या शेवटी कोगामी नेमकं हेच तिला कबूल करतो: अशा वरिष्ठाच्या हाताखाली आपण शिकारी कुत्रा न राहता पुन्हा डिटेक्टिव्ह होऊ शकू.

तिचं वरवर मऊ दिसणं हे ठरवून केलेलं आहे. पात्रांची मूळ रेखाटनं अकिरा आमानो या मंगाकार बाईंची, आवाज काना हानाझावाचा. डोळे मोठे, केस आखूड, आवाज कोवळा. पण दुसऱ्या भागात दिसतं की नोकरीच्या योग्यता-चाचणीत तिला भरपूर पर्याय खुले होते आणि तिनं हे खातं निवडलं. शिवाय एक गोष्ट आत्तापासून टिपून ठेवा. असला पहिला दिवस गेल्यावरही दुसऱ्या दिवशी सकाळी तिची छटा स्वच्छ आहे. तीन भागांत हे दोन-तीनदा सहज बोलता बोलता येऊन जातं आणि आपण ते सोडून देतो.

आता कारखाना. माझ्या मते पहिल्या तिन्हींत हाच भाग सर्वांत सरस आहे, फक्त खुनी कोण हे शोधत बसलात तर निसटतो. नेटवर्क नसण्याचं कारण सरळ आहे: तिथे ड्रोन तयार होतात, बाहेरून कुणी त्यांच्या प्रोग्रॅममध्ये शिरू नये म्हणून आवार पूर्ण बंद ठेवलंय. डॉमिनेटर म्हणजे सिबिलचा डोळा. जोडणी तुटली की तो निव्वळ जड धातूचा तुकडा. मालिका तिसऱ्याच भागात आपल्या मुख्य हत्याराचा कमकुवत दुवा उघड करून दाखवते. यात सोय काही नाही, ही पुढची तयारी आहे.

खरा गाभा कामगारांमध्ये आहे. बाहेर जाता येत नाही, करमणूक नाही, सगळे ताणाखाली. तरी बहुतेकांच्या छटा ठीक. कसं काय? तर सगळे मिळून कानेहारा नावाच्या एका माणसाला छळतात. त्याचं जेवण सांडायचं, हसायचं. एकाला बळीचा बकरा केला की बाकीच्यांचा रंग साफ राहतो, आणि हे व्यवस्थापकाला ठाऊक आहे, त्याला ते सोयीचं वाटतं. दुसऱ्याला चिरडून स्वतःचं मन हलकं होत असेल तर यंत्रणेच्या लेखी ते मन निरोगीच. कानेहारानंही नेमकं हेच औषध शोधलं. छळानं त्याचा रंग ढासळत जायचा आणि एखादा मेला की सावरायचा. ज्या यंत्रणेनं खुनी हेरायचा तिच्याच नोंदीत खून हा उपचार ठरतो.

त्याला बाहेर कसा काढतात तेही नीट बघा. कोगामी त्याला डिवचतो, तो भडकून ड्रोन सोडतो, आणि पाठलाग दाराकडे येतो, कारण तिथपर्यंतच डॉमिनेटरची जोडणी पोचवता आलेली असते. सगळी झुंज एका अदृश्य रेषेपर्यंत पोचण्याची आहे.

क्रमवार

पसारा वाटतो तितका अवघड नाही. प्रदर्शित झाल्याच्या क्रमानंच बघा.

पहिला सीझन, २२ भाग. मग दुसरा सीझन, ऑक्टोबर ते डिसेंबर २०१४, ११ भाग. हा तात्सुनोको प्रॉडक्शननं केलाय आणि कथासूत्र पहिल्या सीझनच्या लेखकाकडे, उरोबुचीकडे नाही, तोव उबुकाताकडे आहे. त्यानंतर जानेवारी २०१५ चा चित्रपट, ज्यात आकाने देशाबाहेर जाते. पुढे २०१९ च्या सुरुवातीला आलेले तीन छोटे चित्रपट, प्रत्येकात एकेका जुन्या पात्राची गोष्ट. मग तिसरा सीझन, २०१९ च्या अखेरीस, आठच भाग पण प्रत्येक जवळपास दुप्पट लांबीचा, नवे दोन इन्स्पेक्टर. त्याची कथा २०२० मध्ये ‘फर्स्ट इन्स्पेक्टर’ नावानं पूर्ण झाली. शेवटी २०२३ चा ‘प्रॉव्हिडन्स’.

अडचण फक्त शेवटच्यात आहे. ‘प्रॉव्हिडन्स’ची घटना काळानुसार तिसऱ्या सीझनच्या आधीची आहे. तिसरा सीझन सुरू होतो तेव्हा आकाने जिथे असते ते बघून धक्का बसतो आणि तिथे ती का, हे उत्तर ‘प्रॉव्हिडन्स’मध्ये आहे. धक्का हवा असेल तर प्रदर्शनाचा क्रम पाळा. अर्धवट माहितीनं आठ भाग काढणं जिवावर येत असेल तर ‘प्रॉव्हिडन्स’ आधी बघा. दोन्हींनी कथा समजते.

२०१४ च्या उन्हाळ्यात पहिला सीझन दोन-दोन भाग जोडून, काही नवे प्रसंग घालून ११ लांब भागांत पुन्हा दाखवला होता. पहिल्यांदा बघताना तो नको. मूळ २२ भागांत प्रत्येक शेवट विचार करून कापलाय, जोडल्यावर ते ठसके मधेच विरून जातात. त्या फेरप्रसारणात चौथा भाग टीव्हीवरून वगळावा लागला होता, कारण त्याच सुमारास घडलेल्या एका खऱ्या गुन्ह्याशी त्यातला विषय फार जवळचा होता. यावरून मधल्या भागांच्या हिंसेचा अंदाज यावा.

ती सूचना आत्ताच देतो. भाग ६ ते ८ मुलींच्या निवासी शाळेत घडतात आणि त्यात मृतदेहांची मांडणी आहे. भाग १४ मध्ये भर रस्त्यात, दिवसाढवळ्या एका बाईला मारहाण होते. तो प्रसंग रक्तामुळे तितका त्रास देत नाही जितका आजूबाजूच्या गर्दीच्या चेहऱ्यांमुळे देतो. ज्यांना हे सोसत नाही त्यांनी हे भाग रात्री एकट्यानं लावू नयेत.

चित्रांकनाबद्दल एक. १८ वा भाग पहिल्यांदा प्रसारित झाला तेव्हा त्यातली रेखाटनं ठिकठिकाणी बिघडलेली होती, चेहरे ओळखू येत नव्हते. डिस्कसाठी तो दुरुस्त केला. म्हणून कुठली प्रत समोर आहे ते बघा. त्या भागात अचानक पात्रांची तोंडं वाकडीतिकडी दिसली तर ती टीव्हीची जुनी प्रत समजा आणि शक्य असल्यास सुधारलेली शोधा, कारण कथेच्या दृष्टीनं ती मोक्याची जागा आहे.

दुसऱ्या सीझनबद्दल लोक नाकं मुरडतात. गती जास्त, रक्त जास्त, पात्रांना श्वास घ्यायला जागा कमी, हे आरोप खरे आहेत. पण त्यातला मुख्य प्रश्न पहिल्या सीझनमधूनच उगवतो आणि तो टाळून पुढे गेलात तर शिमोत्सुकी हे पात्र कळणारच नाही. ११ भाग आहेत, बघून टाका.

ओलीकाच

कारखान्याचं पटलं. ‘खून हा उपचार ठरतो’ हे वाचून तो भाग पुन्हा लावला, आणि जेवणाच्या वेळचा प्रसंग यावेळी अगदी वेगळा दिसला.

दरम्यान भाग चार आणि पाचही झाले. म्हणून दोन नव्या शंका. ऑनलाइन अवतारांची ती गोष्ट मूळ कल्पनेपासून भरकटल्यासारखी वाटली. छटा, गुणांक बाजूलाच पडले. आणि एकूणच हे जग हुकूमशाहीचं वाटत नाही. लोक सुखात आहेत, खरेदी करतायत, हसतायत. मग याला डिस्टोपिया का म्हणायचं?

तळटीप

दुसऱ्या शंकेचं उत्तर खात्याच्या नावात आहे. आकाने ज्या सार्वजनिक सुरक्षा विभागात काम करते तो पोलिस खात्याखाली नाही, आरोग्य आणि कल्याण बघणाऱ्या मंत्रालयाखाली आहे. सगळी मालिका या एका बदलावर उभी आहे. गुन्हा हा आजार, गुन्हेगार हा रुग्ण, आणि पोलिस म्हणजे साथ पसरू नये म्हणून नेमलेली माणसं. न्यायालय, वकील, खटला, पुरावा, यांचा उल्लेखही सहसा येत नाही, आणि पात्रांना ती उणीव जाणवतही नाही. रोग्याला का कुणी वकील देतं? म्हणून लोक सुखात दिसतात. त्यांच्यावर जुलूम होतोय असं त्यांना वाटावं अशी जागाच ठेवलेली नाही. नोकरी यंत्रणा सुचवते, ताण वाढला तर औषध आणि उपचार यंत्रणा सुचवते. नकार देणं हेच मग पहिलं लक्षण ठरतं. ओकुराची सुरुवात आठवा: रस्त्यावरच्या स्कॅनरनं पकडलं, उपचार सांगितले, तो नको म्हणून पळाला. तोवर त्यानं कुणाला बोट लावलेलं नव्हतं.

सबटायटलवर विसंबून बघत असाल तर काही शब्द कानांनी पकडा. छटा बिघडते त्याला जपानीत ‘निगोरु’ हे क्रियापद वापरतात. पाणी गढूळ होणं. इंग्रजी सबटायटलात तिथे ढगाळ होणं येतं आणि त्यामुळे मन उदास झालं असा अर्थ लागतो. मराठीत मात्र हा शब्द तयारच आहे. गढूळ पाणी निवळतं, ढवळलं की पुन्हा गढूळ होतं, आणि तळाशी गाळ राहतो. पहिल्या भागातल्या बाईचा आकडा चढून उतरतो तो असाच. एकदा गढूळ झालं की पूर्वीसारखं होईलच याची खात्री नाही, म्हणून सगळे जिवाच्या करारानं ते ढवळू नये यासाठी जपतात. इन्स्पेक्टरसुद्धा. गिनोझा एन्फोर्सरांशी इतका तुसडा का वागतो ते याच शब्दातून उलगडेल.

‘इन्स्पेक्टर’साठी मूळ शब्द ‘कान्शिकान’, म्हणजे नजर ठेवणारा अधिकारी. ‘एन्फोर्सर’साठी ‘शिक्कोकान’, म्हणजे अंमल करणारा. म्हणजे आकानेचं खरं काम गुन्हेगाराला पकडणं हे नाहीच. अंमल करणाऱ्यांवर लक्ष ठेवणं हे तिचं काम. पहिल्या भागात कोगामीवर झाडलेली गोळी तिच्या पदाच्या व्याख्येत बसते.

डॉमिनेटरचा आवाज हेडफोनवर ऐका. तो नोरिको हिदाका या ज्येष्ठ आवाज-कलाकाराचा आहे. कथेत हा आवाज फक्त बंदूक धरणाऱ्याला ऐकू येतो. समोरच्याला आपला आकडा कळत नाही, आपल्यावर काय येणार हेही कळत नाही. आपण प्रेक्षक म्हणून मात्र दरवेळी आतून ऐकतो. हे ध्यानात ठेवून पहिल्या भागातल्या बाईकडे बघा. तिला फक्त एवढंच दिसतंय की पोलिस बंदूक रोखून गप्प उभा आहे.

शांतभोंगा

अवतारांच्या भागांबद्दल. स्पॉयलर, भाग ५ पर्यंत.

ती वाट चुकलेली गोष्ट नाही. स्कॅनर माणूस मोजतो, आणि अवतार म्हणजे माणूस मागे ठेवून पुढे केलेला मुखवटा. मिदो हा खुनी प्रसिद्ध अवतारांच्या मालकांना मारतो आणि त्यांचे अवतार स्वतः चालवत राहतो. हजारो चाहत्यांना फरक कळत नाही. कळत नाही एवढंच नव्हे, त्यांच्या मते तो अवतार आता जास्त ‘खरा’ वागतोय. यंत्रणा मनाच्या आत शिरून बघते म्हणून लोकांनी एकमेकांच्या आत बघणं सोडून दिलंय. रोपोंगीतल्या क्लबचा प्रसंग याच साच्याचा. सगळ्यांनी होलोग्रामचे वेश घातलेत, पथक आत शिरतं आणि कोण कोण आहे हे कुणालाच सांगता येत नाही. सिबिलचा डोळा असलेलं शहर एका खोलीपुरतं आंधळं होतं.

या गोष्टीत एकच खटकतं: मधे लांबलचक संवाद आहेत आणि अवतारांच्या जगाची चित्रं आज जुनाट दिसतात. तेवढं सोसा. पाचव्याच्या शेवटाकडे लक्ष असू द्या. खुन्यामागे कुणी उभं आहे याचा धागा तिथे पक्का होतो, आणि सहाव्यापासून मालिका सुट्या प्रकरणांची राहत नाही.

पहिल्या सीझनची रचना ओळखून ठेवली तर धीर धरणं सोपं जातं. पहिले पाच भाग यंत्रणेतली भोकं एकेक करून दाखवतात: पीडित, बंद आवार, मुखवटा. सहा ते अकरा या भोकांचा उपयोग करणारा माणूस पुढे येतो. बारावा पथकातल्या यायोई कुनिझुकाची मागची गोष्ट सांगतो, तिथे गती उतरते, ती उतरायलाच हवी होती. तेरापासून उतार आहे, थांबता येत नाही.

उंबरठा३००

पहिल्या भागाची पहिली दोन मिनिटं, कोगामी आणि पांढऱ्या केसांचा तो माणूस समोरासमोर येतात ती, समजली नाहीत म्हणून बेचैन होऊ नका. तो प्रसंग पुढचा आहे, सोळाव्या भागाच्या आसपास आपण तिथे पोचतो. उरोबुची आणि दिग्दर्शक नाओयोशी शिओतानी यांनी टक्कर आधी दाखवून ठेवलीय, म्हणजे ‘कोण’ हा प्रश्न संपतो आणि ‘का’ एवढाच उरतो. मुख्य दिग्दर्शक कात्सुयुकी मोतोहिरो हे प्रत्यक्ष कलाकारांच्या पोलिस मालिकेतून आलेले आहेत, कचेरीतली उतरंड, वाहनातल्या गप्पा, अहवाल लिहिणं या गोष्टींना इथे एवढी जागा मिळते ती कदाचित म्हणूनच.

आता एक स्पॉयलर आहे, भाग ११ चा. त्यापुढे गेल्यावरच वाचा.

तुमचा पहिलाच प्रश्न होता की आकडा नेमकं काय मोजतो. अकराव्या भागात मालिका तोच प्रसंग उलटा करून पुढ्यात ठेवते. पुन्हा आकाने, पुन्हा एक ओलीस धरलेली मुलगी, पुन्हा हातात डॉमिनेटर. पण या वेळी समोर माकिशिमा, तोच पांढऱ्या केसांचा माणूस, आहे. गळ्याशी वस्तरा धरलेला असताना त्याचा गुणांक उतरत जातो. घोडा बंद. तो आकानेच्या समोर साधी शिकारीची बंदूक टाकतो, जी आकडा विचारत नाही, जोडणी मागत नाही, कुणीही ओढली तरी चालते. आणि तो आवाज आकानेच्या कानात खालचा खालचा आकडा सांगत राहतो, शून्यापर्यंत.

पहिल्या भागात काही न केलेल्या बाईचा आकडा चढत चढत ३०० पार गेला होता. दोन्ही प्रसंग लागोपाठ लावून बघा, आधी अकराव्यातला, मग पहिल्यातला. आणि दोन्ही वेळा आकानेच्या हातांकडे बघा, बोट घोड्यावर कुठे आहे ते.